दोऱ्याची फोड

आई, तुला पत्र लिहायची सवय मोडली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तू होतीस तेव्हा मी कार्ड टाकायचे, तेही चार ओळींचं, आणि तू उत्तरात लिहायचीस की तुझं कार्ड म्हणजे तार, माणसं जिवंत आहेत एवढंच कळतं. आज जरा सविस्तर लिहिते. या उन्हाळ्यात माझ्या हाताखालच्या एका मुलीची नोकरी जाता जाता राहिली, आणि ती राहिली ती तुझ्यामुळे. हे इथं कुणाला सांगून पटायचं नाही. तुलासुद्धा पटेल की नाही, शंकाच आहे.

तू मद्रासला आलीस ती एकदाच. तेव्हा ते मद्रासच होतं, आता चेन्नई म्हणतात. माझ्या स्वयंपाकघरात खिडकीखाली पाट टाकून बसली होतीस, पदराने वारा घेत, आणि मी कामावरून आले की रोज विचारायचीस, "दिवसभर करतेस तरी काय?" मी म्हणायचे, मोजते. "काय मोजतेस?" जे डोळ्यांना दिसत नाही ते. त्यावर तू जरा विचार करून म्हणालीस, "मग तू बरोबर मोजलंस हे दुसऱ्याला कळतं कसं?" मी तेव्हा एम.एस्सी. झालेली, नव्या नोकरीतली, चेहरा आवळून बसलेली बाई. तुला म्हटलं, आई, तुला नाही समजायचं ते. तू शेवग्याच्या शेंगा सोलत राहिलीस. मी मात्र त्यानंतर सगळी नोकरी त्या एकाच प्रश्नाचं उत्तर देण्यात घालवली.

आता मी शहराबाहेर अंबत्तूरला एका खाजगी प्रयोगशाळेत आहे. आजूबाजूला पत्र्याचे छोटे कारखाने, दिवसभर कुठेतरी काहीतरी ठोकलं जात असतं, आणि आमच्या मजल्यावर एसीच्या थंडीत एक यंत्र बसलेलं आहे, ते आमच्या सगळ्यांपेक्षा लाडकं. खाण्याच्या वस्तूंत जे असू नये ते आहे का, आणि असलं तर किती, हे आम्ही सांगतो. या दोन-चार वर्षांत सगळ्यात जास्त काम आलं ते मिरचीपुडीचं. पूड लाल दिसावी म्हणून कुणीतरी तिच्यात बुटाच्या पॉलिशला वापरतात तसला रंग मिसळतं, असं परदेशात सापडलं, आणि तिथल्या गिऱ्हाइकांनी इथल्या प्रत्येक पोत्यामागे तपासणीचा कागद मागायला सुरुवात केली. जॉर्ज टाउनच्या जुन्या बाजारपेठेतले व्यापारी रांगेने आमच्याकडे यायला लागले. त्यांच्या पिशव्यांनी आमच्या ऑफिसात दिवसभर शिंका.

मिरचीत रंग मोजणं सोपं नाही. मिरचीला स्वतःचा लाल रंग, स्वतःचं तेल, स्वतःचा तिखटपणा, हे सगळं त्या रंगाबरोबर द्रवात उतरतं आणि यंत्राला गोंधळात टाकतं. शिवाय पूड तोलायची, द्रव घालायचा, हलवायचं, गाळायचं, आटवायचं, यात प्रत्येक पायरीला थोडा थोडा रंग हातचा जातो. शेवटी यंत्रासमोर जे येतं, त्यावरून मुळात किती होतं हे कसं सांगणार? त्यावर एक युक्ती आहे. त्याच रंगाचा एक जुळा भाऊ परदेशात बनवून मिळतो. वागायला अगदी तसाच, द्रवात तसाच उतरतो, तसाच सांडतो. फरक एवढाच, की त्याच्या अंगात साध्या हायड्रोजनच्या जागी काही ठिकाणी जड हायड्रोजन बसवलेला असतो. आपल्याला फरक दिसत नाही, यंत्राला वजनावरून ओळखू येतो. हा जुळा भाऊ मोजून, अगदी सुरुवातीला, पुडीत घालायचा. पुढे निम्मा मूळ रंग वाया गेला, तर निम्मा जुळाही वाया जातो. म्हणून शेवटी दोघांचं एकमेकांशी प्रमाण पाहायचं. जुळा किती घातला होता ते आपल्याला ठाऊक असतं, त्यावरून मूळ किती होता ते निघतं. बोटाएवढ्या बाटलीत, बर्फात ठेवून येतो तो, आणि आमचे मालक ती बाटली देवघरातल्यासारखी कुलपात ठेवतात.

आई, हे वाचताना तुला काही आठवलं असेल. मला आठवलं नाही. म्हणून तर हे पत्र.

त्या मुलीबद्दल सांगते. वर्षा-दीड वर्षापूर्वी मुलाखतीला आली तेव्हा अर्जावर शेवटी राव होतं, म्हणून मी सहज विचारलं, मराठी येतं का. "येतें की," ती म्हणाली. तंजावरकडच्या मराठी घरातली. ही माणसं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे आली आणि मराठी बरोबर घेऊन आली, ती तशीच राहिली. तिचं बोलणं ऐकून मला वाटतं कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर म्हणतंय. पहिल्याच दिवशी केसांत मोगऱ्याचा गजरा माळून आली. मी सांगितलं, प्रयोगशाळेत फुलं चालणार नाहीत. तिने तो काढून पर्समध्ये ठेवला आणि संध्याकाळी सहाला पुन्हा माळून गेली. रोज हाच क्रम. मला ती आवडायला लागली होती, पण मी असल्या गोष्टी बोलून दाखवत नाही, हे तुला माहीत आहे. कामाला ती हळू होती. दुसऱ्या मुली दोन खेपा उरकतील तेवढ्यात हिची एक. पण तिच्या ट्यूबा एका रेषेत उभ्या असायच्या आणि टेबल पुसलेलं असायचं. मिरचीचं काम मी तिला दिलं ते यामुळेच.

नवी पद्धत बसवली की आधी तिची परीक्षा घ्यावी लागते. ती आम्ही रीतसर घेतली. बाजारातून अख्ख्या मिरच्या आणून प्रयोगशाळेतच दळल्या, म्हणजे भेसळीची शंका नको. त्या स्वच्छ पुडीत मोजून रंग घातला, मोजून जुळा घातला, आणि लगेच काम सुरू केलं. जेवढा रंग घातला तेवढा परत सापडला. पुन्हा केलं, पुन्हा सापडला. मालकांनी म्हैसूरपाक वाटला. मी पद्धतीच्या कागदावर सही केली आणि आम्ही कागद द्यायला लागलो.

मग मार्च संपता संपता जॉर्ज टाउनचे एक म्हातारे व्यापारी आले. पांढरी लुंगीसारखी वेष्टी, कपाळाला विभूती, हातात छत्री. आम्ही दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की त्यांच्या पुडीत रंग सापडला, पण इतका पुसट की दखल घेण्याजोगा नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाने तीच पूड आपल्याकडे तपासली, तर त्याला कितीतरी जास्त सापडला. सगळा माल परत. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मालकांच्या खोलीत बसून, मला उद्देशून एवढंच म्हणाले, "अम्मा, तुमचा कागद मी दुकानात फ्रेम करून लावला होता. शेजारी देवाचा फोटो, शेजारी तुमचा कागद. आता येणारे-जाणारे तो वाचतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात."

पूड पुन्हा तपासली. मुलीने तपासली, पुन्हा आकडा तितकाच कमी आला. मालकांनी मला बोलावलं. ते माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, बोलायला गोड, आणि कर्जावर यंत्र घेतलेला माणूस जसा असतो तसे सतत घाबरलेले. म्हणाले, "मॅडम, यंत्र नवं आहे. पद्धत तुमची आहे, म्हणजे चांगलीच असणार. राहिलं कोण? हात." त्यांनी एक पत्र टाइप करून ठेवलं होतं. त्यात मुलीच्या निष्काळजीपणामुळे हे घडलं, तिला काढून टाकण्यात आलं आहे, असं होतं. एक प्रत व्यापाऱ्याला, एक त्या गिऱ्हाइकाला. खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, निष्काळजी हा शब्द एकदा तिच्या नावापुढे लागला तर या शहरात तिला कुठलीच प्रयोगशाळा उभी करणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, एक पोरगी की बावीस जणांची नोकरी? सोमवारपर्यंत बघा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले. खरं सांगते, चूक सापडावी म्हणूनच बसले होते. चूक सापडली असती तर मी सही केली असती. मी कुणाची गय करत नाही. काही सांडतेय का, तोलताना घाई करतेय का, जुळा घालायला विसरतेय का, सगळं बघितलं. जुळा ती तराजूवर तोलून घालत होती, मग पुन्हा बाटलीचं वजन घेऊन खात्री करत होती. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. एकदाच तिने मान वर केली. "मॅडम, मी कांहीं चुकविलें नाहीं. जसें तुम्ही लिहिलें तसेंच करित्यें." मी म्हटलं, "बोलू नकोस, काम कर." तिने पुढची ट्यूब उचलली. पत्राबद्दल तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. ऑफिसात असल्या गोष्टी आधी शिपायाला कळतात, मग सगळ्यांना.

दुपारी जेवायला बसलो. एरवी मी माझ्या खोलीत डबा खाते, त्या दिवशी तिच्यासमोर बसले. तिने डबा उघडला आणि झाकण पुन्हा अर्धवट लावून ठेवलं. मी म्हटलं, "न जेवल्याने आकडा बदलणार नाही. जेव." दहीभात होता आणि बाजूला कैरीचे बारीक तुकडे, मीठ-तिखट-हिंग लावलेले. इथं लग्नाच्या पंगतीत वाढतात तसं आयत्या वेळचं लोणचं. तिने एक चमचा माझ्या झाकणात घातला. "आमच्या आम्मानें केलें. रात्रींच." मी एक तुकडा तोंडात टाकला. वरून तिखट लागलं, जीभ भाजली, दाताखाली आला तर आत नुसती कच्ची आंबट कैरी. मिठाचा कणही आत गेला नव्हता.

आणि मला तू दिसलीस. एकदम. वाईच्या घरातलं ते दगडी फरशीचं स्वयंपाकघर, वैशाखातली दुपार, तू फोडींना मीठ-हळद चोळते आहेस आणि मी शेजारी उकिडवी. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सगळ्या फोडी बरणीत जाण्याआधी तू एका फोडीला पांढरा दोरा बांधतेस, दोन गाठी मारून, आणि तिलाही तोच मीठ-मसाला लावून इतरांच्या मधोमध ठेवतेस. दोऱ्याचं टोक बरणीच्या तोंडाशी आणून वर फडक्याचा दादरा बांधतेस. ही तुझी पद्धत. मी दुसऱ्या कुणाच्या घरी नाही पाहिली. सारखा चमचा घालून बरणी ढवळली की लोणचं नासतं, म्हणून परीक्षेला ही एकच फोड. दोरा ओढून ती वर काढायची, नखाने कोपरा तोडून चाखायचा, पुन्हा आत सोडायची. तिचं जे झालं असेल तेच बाकीच्यांचं. शेजारच्या बायका हसायच्या, "तुमच्या लोणच्याला मुंजच करता की हो!" तू म्हणायचीस, "हसा. चाखायला याल तेव्हा बघू."

त्या वर्षी मी ती फोड खाल्ली. तू नदीवर गेली होतीस. दोरा दिसला, मी ओढला, अर्धवट मुरलेली, खारट-आंबट, मला अतिशय आवडली. मग घाबरले. टोपलीत एक कैरी उरली होती, तिची तशीच फोड कापली, बरणीतलाच मसाला लावला, तोच दोरा तितक्याच गाठी मारून बांधला आणि आत सोडून दादरा होता तसा बांधला. फार हुशारी केली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तू बरणी काढलीस, दोरा ओढलास, कोपरा जिभेवर ठेवलास, आणि क्षणभर नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं पाठीत धपाटा बसणार. तू ती फोड माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "दोरा तोच आहे गं. पण ही काल आलीय. बाकीच्यांचं काय झालं ते हिला काय ठाऊक? हिला काय विचारू मी?" त्या वर्षी बरणी कधी उघडायची ते तुला कळलं नाही. आपण ती फार लवकर उघडली, आणि वर्षभर बाबा जेवताना म्हणायचे, करकरीत आहे. तू दर वेळी माझ्याकडे बघायचीस.

चेन्नईत, फॉर्मायकाच्या टेबलाशी, तिखटाने नाक गळत असताना मी हातातला चमचा खाली ठेवला. मुलगी घाबरून म्हणाली, "अय्यो मॅडम, फार कारम झालें का?" मी म्हटलं, ऊठ. जेवण ठेव. नको, जेव आणि मग ऊठ.

तुझ्या लक्षात आलं असेल. व्यापाऱ्याच्या पुडीतला रंग आतला होता. कुणीतरी तो मिरचीबरोबरच, तेलात कालवून, गिरणीत दळलेला, मग महिनोन्महिने पोत्यात, या शहरातल्या उकाड्यात. तो कणाकणात शिरून बसलेला होता, मुरलेला. आमचा जुळा भाऊ मात्र काल आलेला. तो वरवर बसायचा, द्रव घालून थोडं हलवलं की पहिल्या झटक्यात सगळाच्या सगळा बाहेर. मुरलेला रंग निम्माही बाहेर यायचा नाही. आणि आम्ही जुळ्याला विचारत होतो, तुझं किती वाया गेलं? तो म्हणायचा, काहीच नाही. मग आम्ही धरून चालायचो की रंगाचंही काही राहिलं नाही. आमच्या परीक्षेत हे का कळलं नाही? कारण परीक्षेत आम्ही रंगही कालचाच घातला होता. दोघंही पाहुणे. दोघांची साक्ष जुळली, आम्ही म्हैसूरपाक खाल्ला. रसायनशास्त्राचं एवढं शिकलेल्या माणसांनी करायची चूक आहे ही, दुसरं कुणी करणार नाही.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. शनिवारी आम्ही दोघींनीच काम केलं. व्यापाऱ्याची पूड घेतली आणि दोन भाग केले. एक भाग होता त्या पद्धतीने. दुसऱ्यात आधी पूड ओली करून फुगू दिली, जुळा घातला, आणि तो तसाच झाकून रात्रभर ठेवला. रविवारी येऊन पुष्कळ वेळ हलवलं, द्रव बदलून पुन्हा हलवलं, पुडीचा लाल रंग फिका पडेपर्यंत. शेजारी आमची स्वच्छ पूडही ठेवली होती, दोन्ही पद्धतींनी. यंत्र आपल्या गतीने चालतं, त्याला घाई चालत नाही. मी खोलीत येरझारा घालत होते. मुलगी स्टुलावर मांडीत हात घेऊन बसली होती. मग म्हणाली, "मॅडम, हें बरोबर नाहीं आलें तर मी सोमवारीं येऊं नको ना?" मी म्हटलं, "बरोबर नाही आलं तरी सोमवारी ये. माझ्याआधी ये." एवढंच बोलू शकले. तुझ्यासारखं डोक्यावरून हात वगैरे फिरवणं मला जमत नाही.

आकडे आले. स्वच्छ पुडीत काही नाही, दोन्हीकडे. व्यापाऱ्याच्या पुडीत जुन्या पद्धतीने तोच कमी आकडा, आणि मुरवलेल्या भागात जवळजवळ परदेशातल्या प्रयोगशाळेचा. मुलीने कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आणि पर्समधून गजरा काढून माळायला लागली. अजून सहा वाजले नव्हते. 

सोमवारी मालकांसमोर दोन्ही कागद ठेवले. त्यांना समजायला वेळ लागला नाही, माणूस हुशार आहे. समजल्यावर त्यांचा चेहरा आणखी उतरला. "मॅडम, हे फार महाग पडेल. हाताची चूक म्हटली तर एक पत्र. पद्धतीची चूक म्हटली तर मिरचीचे सगळे कागद परत बोलवावे लागतील, सगळ्या पुडी पुन्हा तपासाव्या लागतील."

"तपासू."

"पद्धतीवर तुमची सही आहे."

"म्हणूनच म्हणते. तिच्या हाताने काही झालेलं नाही. तुमच्या पत्रावर सही हवी असेल, तर नाव बदला. तिच्या जागी माझं घाला, मी आत्ता करते."

ते बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले. मग कॉफी मागवली, दोन पेले, आणि ते टाइप केलेलं पत्र बशीखाली सरकवलं. कॉफी पिऊन होईपर्यंत त्यावर तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. ते उचलून त्यांनी चुरगळलं. मग विचारलं, "पण मॅडम, तुम्हाला हे सुचलं कसं?" मी म्हटलं, वाचनात आलं होतं कुठेतरी.

पुढचे कितीतरी आठवडे आम्ही जुन्या पुडी मुरवत आणि मोजत होतो. व्यापाऱ्यांना मी स्वतः फोन केले. काहींनी शिव्या दिल्या, तमिळमध्ये शिव्या फार लांब असतात. ते छत्रीवाले म्हातारे मात्र स्वतः आले, गोदामातल्या उरलेल्या मालाचे नमुने घेऊन. त्यातली निम्मीअधिक पूड स्वच्छ निघाली. वाईट निघाली ती एकाच गिरणीतून आलेली. ते म्हणाले, "अम्मा, आता जो कागद द्याल तो फ्रेम करणार नाही. कपाटात ठेवीन." मी म्हटलं, तेच बरं. मुलगी आमच्याकडेच आहे. अजूनही हळूच आहे. मी तिला आता घाई कर म्हणत नाही, पण फुलांना परवानगी दिलेली नाही.

तिला मात्र मी खरं सांगितलं. एका दुपारी तिने विचारलं, त्या दिवशी कैरी खातां खातां तुम्हांला काय झालें होतें? मी दोऱ्याची फोड सांगितली, तू ती माझ्या तळहातावर ठेवलीस तेही सांगितलं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही चोरून खाल्ली? तुम्ही?" मग गंभीर होऊन म्हणाली, "मग मॅडम, तुम्ही घरीं दोरा बांधितां?" मी म्हटलं, मी लोणचं घालतच नाही, बाटली विकत आणते. तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या टेबलावर कैऱ्यांची पिशवी ठेवली, तिच्या घरामागच्या झाडाच्या. हाताखालच्या माणसांकडून मी काही घेत नाही. परत करायला पिशवी उचलली तोवर ती हातमोजे चढवून आत गेली होती.

तू मला लग्नानंतर इकडे पाठवताना सगळं दिलंस, पण बरणी दिली नाहीस. म्हणालीस, बरणी तिकडे मिळेल, कैरी तिकडे मिळेल. आणि ट्रंकेत सगळ्यात वर पांढऱ्या दोऱ्याचं रीळ ठेवलंस. मी त्या दोऱ्याने परकर शिवले, बटणं लावली, नातवाचा पतंग एकदा दुरुस्त केला. थोडा उरला होता. पिवळा पडलाय, पण तुटत नाही. पहिल्यांदाच बरणी घातली, आई. मोहरी फेसताना हात थांबला, तू मेथी आधी तळायचीस की नंतर ते आठवेना, विचारायला कुणी नव्हतं. अंदाजाने घातली. एका फोडीला दोरा बांधला, दोन गाठी, आणि मधोमध ठेवली.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून बरणीच्या खाली ठेवीन, तेलाचा डाग पडला तर पडू दे. तेवढ्यात एक सांगून टाकते. या सगळ्या उन्हाळ्यात मी माणसांना मुरू द्या, थांबा, घाई करू नका असं सांगत फिरले. आणि काल दुपारी घरी कुणी नव्हतं, तेव्हा मी दोरा ओढला आणि ती फोड खाल्ली. कोपरा नाही, सगळी. अजून मुरली नव्हती. दोरा ओट्यावर आहे. या वेळी दुसरी बांधली नाही.